सगळं गाव सुट्टीवर

"मॅडम, हे गाव नेमकं कुठं आहे हो?" साहेबांनी तक्ता माझ्याकडं फिरवला. "मला तिथं बदली मागायचीय."

आमचे साहेब रागावले की ओरडायचे, आणि फार रागावले की चेष्टा करायचे. मी मुकाट्यानं चष्मा लावला. रोहा तालुक्यातलं, खाडीकाठचं एक गाव होतं. नाव सांगत नाही. एक तर कायद्यानं सांगता येत नाही, आणि दुसरं म्हणजे तिथली माणसं अजून मला ईदला बोलावतात. ते बोलावणं मला घालवायचं नाही.

तक्त्यात एक रकाना होता, 'महामारीमुळे नोकरी गेलेल्या व्यक्ती'. बाकीच्या गावांपुढं काही ना काही आकडा होता. या गावापुढं शून्य.

"घरटी माणूस आखातात," साहेब म्हणाले. "विमानं बंद, कंपन्या बंद, जग बंद. आणि यांच्यातल्या एकाचीही नोकरी गेली नाही? पुरस्कार द्यायला पाहिजे या गावाला."

मी जिल्हा सांख्यिकी कार्यालयात होते. आता रिटायर होऊन पेणला घरी बसले आहे. सांख्यिकी म्हणजे नेमकं काय काम, हे माझ्या यजमानांना सगळा संसार होईपर्यंत कळलं नाही. ते लोकांना सांगायचे, "ती मोजते." काय मोजते, हे त्यांनी कधी विचारलं नाही आणि मी सांगितलं नाही. सुखी संसाराचं तेही एक कारण असेल.

तर महामारीच्या लाटा ओसरल्यावर आम्हाला मोजायला सांगितलं होतं, की माणसं किती गेली आणि कामं किती गेली. निवडलेल्या गावांत घरोघर जायचं आणि फॉर्म भरायचा. त्या फॉर्मला आमच्यात शेड्यूल म्हणतात. पेण आणि रोहा तालुक्यांवर देखरेख माझी होती. या गावाची शेड्यूलं भरली होती सावंतांनी.

साहेबांनी शेवटी तो शब्द काढलाच. "टेबलावर भरलीत ही."

आमच्या धंद्यात याहून मोठी शिवी नाही. टेबलावर भरली म्हणजे गावात न जाता घरी बसून, पंख्याखाली, मनानं भरली. सावंत काँट्रॅक्टवर होते. टेबलावर भरल्याचा शेरा बसला असता तर पुढचं काँट्रॅक्ट मिळणं शक्यच नव्हतं.

मी सावंतांना बोलावलं. सावंत रोह्याजवळच्या खांब गावचे. पन्नाशीचा माणूस, हातात बारमाही छत्री, आणि जगातल्या प्रत्येक चहाबद्दल तक्रार.

"टेबलावर?" सावंतांचा आवाज चढला. "मॅडम, त्या गावात मी घराघरात चहा प्यायलोय. पित्त झालं मला! टेबलावर भरले असते तर पित्त कशानं झालं असतं?"

पुरावा म्हणून पित्त कुठल्या नियमात बसत नव्हतं. पण माझा विश्वास बसला. मी म्हटलं, "उद्या दोघं जाऊ."

नागोठण्याला एसटी बदलली. तिथला चहा सावंतांना पाणचट वाटला. गावात पोचलो तेव्हा ऊन चांगलंच चढलं होतं, आणि गावात जिकडंतिकडं तरणी माणसं. एक जण भिंतीला रंग लावत होता, एक जण धुतलेली गाडी पुन्हा धूत होता, तिघे जण पारावर बसून मोबाइल बघत होते. कामाच्या दिवशी एवढे पुरुष एका गावात मी निवडणुकीशिवाय पाहिले नव्हते.

पहिल्या घरी सरबत आलं, नानकटाई आली. मी विचारलं, "मुलगा काय करतो?"

"कतारला असतो. सुट्टीवर आलाय."

दुसऱ्या घरी मुलगा ओमानला. सुट्टीवर आलेला. तिसऱ्या घरी सौदी. सुट्टीवर.

"कधी परत जाणार?"

"कंपनी बोलावेल तवा."

आता इथं आमचा एक नियम सांगायला हवा. ज्याला नोकरी आहे पण सध्या रजेवर आहे, त्याला आम्ही कामावरच धरतो. ते बरोबरच आहे, नाहीतर मे महिन्यात सगळे मास्तर बेकार ठरतील. म्हणजे माणूस 'सुट्टीवर' म्हणाला की तो नोकरीत. आणि इथं तर सगळं गाव सुट्टीवर होतं. सावंतांचं शून्य नियमात अगदी चोख बसत होतं.

"सावंत," मी रस्त्यात थांबवलं त्यांना. "एवढी लांब सुट्टी कुठली कंपनी देते हो? तुम्हाला दिसत नव्हतं?"

"दिसत होतं की."

"मग?"

"मॅडम, ट्रेनिंगला तुम्हीच सांगितलंत. माणूस सांगेल ते लिहायचं, आपल्याला दिसतं ते लिहायचं नाय."

सांगितलं होतं खरं.

पुढच्या घरी मात्र मजा झाली. सरबत देता देता त्या घरच्या बाई हळूच म्हणाल्या, "आमचा सुट्टीवर हाय हो. पण बाजूच्यांचा बघा, नोकरी गेली बिचाऱ्याची. सांगत नायत कुणाला. तुमी बोलू नका हां."

बाजूच्या घरी गेलो. त्यांनी शपथेवर सांगितलं की त्यांचा मुलगा सुट्टीवर आहे, पण समोरच्यांच्या दोघांच्याही नोकऱ्या गेल्यात. समोरच्यांनी मागच्या गल्लीकडं बोट दाखवलं. मागच्या गल्लीतून आम्ही फिरत फिरत पुन्हा पहिल्याच घरावर आलो. स्वतःच्या तोंडानं सगळं गाव नोकरीत, आणि शेजाऱ्याच्या तोंडानं सगळं गाव बेकार! सावंत मला डोळ्यांनी विचारत होते, लिहू का. पण शेजाऱ्याचं आम्हाला लिहिता येत नाही. ज्याचं त्यानं सांगायला हवं.

खतीजाबींचं घर मशिदीच्या मागं होतं. साठीच्या बाई, डोक्यावरून पदर, आवाज असा की खाडीच्या पलीकडच्या काठावरच्या माणसानं 'ओ' द्यावी. त्यांनी आम्हाला बसवलं आणि मी शेड्यूल उघडायच्या आत स्वतःच सुरुवात केली.

"आमचे हे गेले. दुसऱ्या लाटेत. ताप आला, श्वास लागला, अलिबागला नेलं, परत नाय आले. लिवा."

सावंतांनी लिहिलं. मी विचारलं, वय, आजार, दवाखाना. त्यांनी एकेक नीट सांगितलं. डोळ्याला पदर लावला, पण काही लपवलं नाही.

"मुलगा?"

"इक्बाल. दुबईला एसी मेकॅनिक हाय," त्या एकदम पाठ केल्यासारखं बोलल्या. "सुट्टीवर आलाय."

माझ्या लक्षात आलं ते तिथं. या गावानं एकही मयत लपवलं नव्हतं. सावंतांच्या शेड्यूलात सगळी होती. नवरा गेला हे बाई परक्या माणसापुढं सांगत होती, आणि मुलाची नोकरी गेली हे सांगायला तिची जीभ रेटत नव्हती. मला फार वाईट वाटलं. मयत झालं की लोक दारात येतात, नोकरी गेली की कोण येतं?

"खतीजाबी," मी म्हटलं, "इथं सांगितलेलं बाहेर जात नाही. कायदा आहे तसा. मी कुणाला नाव सांगितलं तर मलाच शिक्षा."

"कायदा तुमचा हो बाई. गाव माझं हाय." आणि मग आवाज एकदम खाली आला. तो आवाज खालीही येऊ शकतो हे मला तेव्हा कळलं. "पोराची मंगनी झालीय. मुलगी पेणच्या बाजूची, डोलवीजवळ. दोनदा निकाह पुढं ढकलला आमी. आता तिचा बाप, उस्मानभाई, तिथल्या कारखान्यात ठेकेदाराकडं कामाला, तो निरोप धाडतो की या जुम्म्यापर्यंत तारीख द्या, नायतर मंगनी मोडली समजा. त्याला वाटतं आमी दुसरी मुलगी बघतो. काय सांगू मी त्याला? दुबईवाला जावई म्हणून मुलगी दिली त्यानं."

दारात इक्बाल उभा होता. कधी आला कुणाला कळलं नाही.

"अम्मी, सांग ना खरं. कंपनीनं काढलं म्हणून सांग."

"तू गप रे!"

"कधीचा गप हाय मी." तो माझ्याकडं वळला. "मॅडम, नागोठण्याला एक जण दुकानात बोलावतोय. एसी, फ्रिज दुरुस्तीचं काम. पण सुट्टीवरचा माणूस दुसऱ्याच्या दुकानात कामाला जातो का? गेलो की गावाला कळलं. म्हणून घरी बसून त्याच त्या भिंतींना रंग लावतोय. शेजारच्या चाचीचा फ्रिज बंद पडलाय, तो पण चोरून दुरुस्त केला."

बघा आता. आमच्या नियमात बेकार कोण? ज्याला काम नाही आणि जो काम शोधतोय तो. याला काम नव्हतं, आणि सुट्टीवर असल्यामुळं शोधताही येत नव्हतं. हातात कसब आणि समोर काम असून पोरगा घराला तिसऱ्यांदा रंग देत बसला होता.

"मॅडम," बाहेर आल्यावर सावंत कुजबुजले, "डोलवीच्या बाजूला आपलं काम हायच. जाता जाता त्या उस्मानभाईच्या कानावर घालू?"

"आणि तुरुंगात कोण जाईल?"

"तुमी सुपरवायझर," सावंत म्हणाले.

डोकं चालेना. कुणाचं नाव न घेता खरं कसं बाहेर काढायचं? मग फार जुनं एक ट्रेनिंग आठवलं. लाजेचे प्रश्न कसे विचारावेत यावर एका सरांनी अख्खी दुपार घेतली होती. निम्मा वर्ग झोपला होता, मी जागी होते. माणसाला तोंडानं उत्तर द्यायला लावायचं नाही, हातानं द्यायला लावायचं, आणि कुणाचा हात ते कळू द्यायचं नाही. त्यांनी खेळायचे पत्ते वापरले होते. आमच्याकडं पत्ते नव्हते. पण वालाच्या मुलखात दाण्यांना काय तोटा?

मशिदीच्या जमातीचे मुखिया महमूदचाचा होते. गावात कुणाच्याही घरचा निर्णय त्यांना विचारल्याशिवाय व्हायचा नाही. मी त्यांना समजावलं. घरटी एक माणूस येईल. त्याला एक वालाचा दाणा आणि एक चिंचोका द्यायचा. उर्दू शाळेच्या खोलीत मडकं ठेवायचं. आत एकट्यानं जायचं. घरातली नोकरी शाबूत असेल तर मडक्यात वाल टाकायचा, गेली असेल तर चिंचोका. उरलेला दाणा बाजूच्या गोणीत. कुणी काय टाकलं ते मला कळणार नाही, तुम्हाला नाही, कुणालाच नाही. फक्त गावाचं मिळून किती ते कळेल.

चाचांनी दाढी कुरवाळली. "माझा मुलगा तर सुट्टीवर हाय."

"मग तुम्ही वाल टाका."

चाचा उठले. त्यांनी निरोप फिरवला.

खतीजाबींनी मडकं पाहिलं आणि कपाळावर हात मारला. "अहो बाई, एवढ्या शिकलेल्या तुमी! चिंचोका मडक्यात पडला की टण्ण वाजतो. वाल वाजत नाय तसा. भायेर उभं राहून सगळे ऐकतील की!"

सरांच्या त्या दुपारभराच्या व्याख्यानात हा मुद्दा नव्हता. मग मडक्यात भाताचं तूस भरलं. खतीजाबींनी स्वतः वरून चिंचोका टाकून कान लावून पाहिला, तेव्हा कुठं पास झालं मडकं.

सगळ्यात आधी चाचा आत गेले. आणि बाहेरच येईनात.

"चाचा, इलेक्शन नाय हां, एक दाणाच टाकायचाय," बाहेरून कुणीतरी ओरडलं. लोक हसले. चाचा बाहेर आले तेव्हा कुणाकडं बघत नव्हते. मग एकामागून एक सगळे जात राहिले. बायका पदर सावरून, पुरुष खाकरत. एक आजी दोन वाल आणि दोन चिंचोके मागायला लागली. सावंत म्हणाले, घरटी एकच. ती म्हणाली, "मला दोन पोरं हायत, एकाचं सांगू नि दुसऱ्याचं काय नाय?" मग नियम बदलला, पोरटी एक.

सगळं झाल्यावर मडकं ओट्यावर आणलं. सावंतांनी पाखडण्यासाठी सूप घेतलं, पण चाचीमंडळींनी ते त्यांच्या हातातून काढून घेतलं. पुरुषानं पाखडलेलं त्यांना बघवेना. तूस उडालं आणि परातीत दाणे राहिले.

परात तपकिरी होती. चिंचोकेच चिंचोके. वाल इतके थोडे, की एका घरच्या आमटीलाही पुरले नसते.

पाराकडचे मोबाइल बंद झाले. सगळे परातीकडं बघत होते, आणि मग हळूहळू एकमेकांकडं बघायला लागले. मला धाकधूक व्हायला लागली. म्हटलं, हे लोक आता आपल्याला गावाबाहेर काढतात की काय?

तेवढ्यात ती दोन पोरांची आजी खतीजाबींकडं वळली. "अगो बाय! म्हंजे तुझा पण?"

"म्हंजे तुझे पण?" खतीजाबी म्हणाल्या.

"दोनी!"

आणि खतीजाबी हसल्या. हसता हसता रडल्या, आणि रडता रडता त्या आजीला मिठी मारली. मग जो काही गलका झाला! ज्यांनी मला शेजाऱ्यांच्या चहाड्या सांगितल्या होत्या, ते सगळे एकमेकांना म्हणत होते, "मला वाटलंच होतं." महमूदचाचा उठले. घसा साफ करून म्हणाले, "सावंतभाऊ, माझ्यापासून लिवा. मुलगा मॅनेजर होता. आता नाय."

मडक्यातला आकडा मी तक्त्यात घेतला नाही. तो नियमात बसत नाही. पण त्याची गरजही उरली नाही. सावंत पुन्हा घरोघर गेले आणि प्रत्येकानं आपापलं सांगितलं, स्वतःच्या तोंडानं. फक्त या वेळी कुणी शेजाऱ्याचं सांगितलं नाही. चहा मात्र पुन्हा घराघरात झाला. सावंतांना पुन्हा पित्त झालं.

शुक्रवारी दुपारी नमाज आटोपल्यावर मला खतीजाबींचा फोन आला. फोनची गरज नव्हती, त्या गावातून बोलल्या असत्या तरी पेणला ऐकू आलं असतं.

"बाई, मी उस्मानभाईला सांगितलं सगळं. म्हटलं, पोराची नोकरी गेली. दुबईवाला जावई पायजे असेल तर मंगनी मोडा, आमी राग धरणार नाय. पण पोरगा कामसू हाय, नागोठण्याला दुकानात जातो आजपासून."

"मग? काय म्हणाले ते?"

"आधी नुसता खाकरत राहिला. मग म्हणाला, 'खतीजाबी, मी पण ठेकेदाराकडं नाय आता. कारखान्याचा गेटपास तेवढा गळ्यात घालून फिरतो. मला वाटलं, तुमाला कळलं म्हणून तुमी तारीख देत नाय.'"

दोघंही एकमेकांना घाबरून एकमेकांची तोंडं चुकवत होते, आणि मधल्या मधे पोरगी आपल्यातच काही खोट आहे म्हणून रडत होती. हे मला नंतर तिनंच सांगितलं. निकाह त्याच महिन्यात झाला, दोन्हीकडून आटोपशीर. जेवायला मला बसवलं तेव्हा इक्बालनं बायकोला माझी ओळख करून दिली, "या चिंचोकेवाल्या मॅडम." एवढी वर्षं नोकरी करून मिळालेलं पद हे!

साहेबांनी नवीन तक्ता पाहिला. मग शेऱ्याचा रकाना पाहिला. मग माझ्याकडं.

"मॅडम, इथं तुम्ही 'चिंचोके' लिहिलंय."

"हो सर."

"हे मी वर कळवू?"

"कळवा की. वरूनच शिकवलंय. त्यांच्याकडं पत्ते होते, आमच्याकडं चिंचोके."

साहेबांनी तो शब्द खोडला आणि वर 'विशेष पडताळणी' असं लिहिलं. सावंतांच्या फायलीवर टेबलाचा शेरा बसला नाही, काँट्रॅक्टही पुढं चालू झालं. चहाबद्दलच्या तक्रारीही चालू आहेत.

अहवाल छापून आला. ते गाव त्यात कुठं दिसत नाही. तालुक्याच्या एकूण आकड्यात विरघळून गेलंय. तसंच व्हायला हवं, तेवढ्यासाठीच तर कायदा आहे. लोक म्हणतात सरकारी आकडे खोटे असतात. मला राग येतो. आकडे खोटे नसतात हो, लाजरे असतात. म्हणून रिटायर व्हायच्या आधी शेवटच्या ट्रेनिंगला मी नव्या मुलामुलींना एवढंच सांगितलं, की मोठा आकडा आला तर घाबरू नका, तो तपासायला साहेब आहेत. पण शून्य आलं तर दुसऱ्या दिवशी पहिल्या एसटीनं त्या गावाला जा. शून्याच्या घरात बहुतेक वेळा कुणीतरी गप्प बसलेलं असतं.